गुलमंडीची वेळ गाठताना: संभाजीनगरात नव्यानं आलेल्यांसाठी

वाळूजला किंवा शेंद्र्याला नोकरी लागली, नाहीतर विद्यापीठात प्रवेश मिळाला, म्हणून संभाजीनगरात आलेला माणूस पहिले सहा महिने एकच रड गातो: "इथं संध्याकाळी काही नसतंच हो." शनिवार आला की तो कॅनॉटला जाऊन कोल्ड कॉफी पितो, प्रोझोन मॉलच्या सरकत्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करतो आणि पुण्यातल्या मित्राला फोन लावतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून एखाद्या रात्री साडेनऊला जुन्या शहरात जातो, तर निम्मी शटरं खाली आलेली. मग त्याची खात्रीच पटते.

मीही असाच आलो होतो. 2004 साली परभणीहून बदली झाली आणि आल्या आल्या ऑफिसातल्यांनी नान-खलियाचं, म्हणजे भट्टीतली नान आणि मोठ्या देगीत शिजलेलं मटण यांचं, एवढं गुणगान केलं की पहिल्याच आठवड्यात, जेवणाची आपली नेहमीची वेळ धरून, रात्री दहाला शहागंजात पोचलो. दुकानाबाहेर पोऱ्या पालथी घातलेली देग राखेनं घासत होता. मालकानं माझ्याकडं वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "खतम हो गया भैया. खाने का है तो कल टाइम पे आओ." मी शेजारच्या टपरीवर दोन केळी खाऊन घरी गेलो.

त्या "टाइम पे" मध्ये या भागाचं सगळं मर्म आहे. इमरती सकाळची, पुस्तकं टेकत्या उन्हाची, नान दिवेलागणीचं, नाटक रात्रीचं आणि पान त्याच्याही नंतरचं. हे वेळापत्रक कुठं लिहिलेलं नाही, म्हणून खाली क्रमानं देतो. सगळं एका दिवसात उरकायचा अट्टहास मात्र करू नका, पोट एकच असतं.

आधी नकाशा

नवख्यानं एक रेघ पाठ करावी: क्रांती चौक, पैठणगेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज. पैठणगेटहून गुलमंडीपर्यंतचा रस्ता म्हणजे टिळकपथ. गुलमंडीवरून डाव्या हाताला वळलात की औरंगपुरा, आणि तसंच पुढं गेलात की निराला बाजार. न वळता मछली खडक ओलांडलात तर सिटी चौक, तिथून सराफ्यातून शहागंजचं घड्याळ. बस्स, एवढंच. ही रेघ सावकाश, थांबत थांबत चालायला तासभर पुरतो आणि दुकानांत शिरलात तर तीन तासही कमी पडतात.

मलिक अंबरनं 1610 साली खडकी गावाच्या जागी हे शहर वसवलं, 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचं औरंगाबाद झालं आणि 1682 च्या सुमारास भोवती तट उठला. तट बहुतेक गेला, पण दरवाजे पत्त्यांत जिवंत आहेत. लोक बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. मोजायला जाऊ नका. कुणी "रोशनगेटला ये" म्हणालं तर तिथं दरवाजा दिसेल, आणि कुणी दुसऱ्याच एखाद्या गेटला बोलावलं तर कदाचित फक्त रिक्षास्टँड सापडेल. 2023 मध्ये कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या भागात तुम्हाला दोन्ही नावं एकाच वाक्यात ऐकू येतील. ज्याच्या तोंडी जे असेल ते असू द्यावं, आपण आपलं खायला आलोय.

गाडीचं म्हणाल तर चारचाकी घरीच ठेवा. गुलमंडीच्या गर्दीत चारचाकी घालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी उपदेश मिळतो आणि गाडी पुढं सरकत नाही ती नाहीच. दुचाकी असेल तर निराला बाजाराच्या बाजूला नीट जागा बघून लावा आणि तिथून पायी या. रिक्षानं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: इथं शेअर रिक्षाही चालतात आणि तुम्ही रिकाम्या रिक्षात बसलात की ती तुमच्यासाठी "स्पेशल" झाली, असा रिक्षावाल्याचा समज होऊ शकतो. बसायच्या आधीच "सीट की स्पेशल?" एवढं विचारून टाका. सिटी बस स्वस्त पडते, पण रात्री परतताना तिच्या भरवशावर राहू नका.

सकाळ: इमरती

ही फेरी रविवारी करा, नऊच्या आत.

इमरती आणि जिलबी एकच, असं म्हणणाऱ्याला गुलमंडीत कुणी काही बोलणार नाही, फक्त मनातल्या मनात त्याची कीव करतील. जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची. डाळ रात्रभर भिजते, वाटली जाते आणि मग हातानं इतकी फेसली जाते की पीठ पाण्यात टाकलं तर तरंगलं पाहिजे. हलवाई जाड फडक्यात पीठ घेतो. फडक्याला मधोमध छिद्र असतं आणि त्याची कड शिवलेली असते, नाहीतर धार फाटते. पसरट कढईत तूप तापलेलं असतं. आधी एक गोल कडं पडतं आणि मग त्या कड्यावर मनगटाच्या हलक्या झटक्यानं छोट्या छोट्या पाकळ्या, एकाला एक लागून. एका इमरतीला पाच-सहा सेकंदही लागत नाहीत. उभं राहून बघा. मी एकदा वीस मिनिटं बघत होतो, शेवटी हलवाईच म्हणाला, "साहेब, घ्यायची का नुस्ती मोजायची?"

घेताना पाकातून नुकतीच निघालेली मागा. गरम असताना तिच्या पाकळ्या दाताखाली किंचित करकरतात आणि आतून पाक सुटतो. दुपारी तीच इमरती मऊ पडते, चांगलीच असते, पण ती गंमत जाते. अर्धा पाव दोघांना पुष्कळ. सोबत कचोरी घेतलीत तर आधी कचोरी खा. उलटं केलंत तर कचोरीची चव लागत नाही.

नाश्त्याला घरगुती मराठवाडी चव हवी असेल तर सुशीला कुठं मिळतो ते विचारा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना पोह्यांसारखी फोडणी, वर दाळव्याचं कूट. बीड-लातूरकडच्या माणसाला हे नाव सांगताना खुलासा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला लागतो आणि तो हसतोच. हसू द्या.

पाच वाजता औरंगपुरा

संध्याकाळची सुरुवात इथून करा. एका बाजूला भाजीमंडई, दुसरीकडं शाळा-कॉलेजातून सुटलेली पोरं, आणि वह्या-पुस्तकांची दुकानं. सरस्वती भुवन इथंच. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षण धरून ठेवणाऱ्या मोजक्या संस्थांत तिचं नाव घेतलं जातं. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला, हे नव्या माणसाला ठाऊक असलेलं बरं, नाहीतर त्या दिवशी सुट्टी कसली ते कळत नाही. जवळच बलवंत वाचनालय आहे. नव्यानं आलेल्यानं घर लागल्यावर पहिलं काम वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं, असं माझं मत आहे. तिथल्या वर्तमानपत्राच्या टेबलावर बसलेले निवृत्त लोक शहरातल्या प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि अध्यक्ष किती लांबवतो हे सांगू शकतात. मोबाईलवरच्या कुठल्याही यादीपेक्षा ही माहिती पक्की असते.

दिवेलागण: गुलमंडी ते शहागंज

साडेसहा-सातला गुलमंडीच्या सुपारी हनुमानापाशी या. 'गुल' म्हणजे फूल, 'मंडी' म्हणजे बाजार; आता साड्या, भांडी आणि मोबाईलच्या काचा विकल्या जातात. एरवी वाट काढत चालायचं. पण गणपतीत, दहीहंडीला आणि धुळवडीला हाच चौक गावाचं अंगण होतो. गणपतीचं विसर्जन बघायचं असेल तर राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते. तो ग्रामदैवत, मान त्याचा. ढोल आधी छातीत वाजतो आणि मग कानाला कळतो. लहान पोरं सोबत असतील तर एखाद्या गच्चीची ओळख काढून ठेवा.

मछली खडकात मासळी शोधू नका. कपडे, होजिअरी, पडदे, चादरी असला बाजार आहे. भाव करायचा असतो. दुकानदार जो आकडा सांगेल त्यावर तोंड वाकडं करायचं नाही, फक्त "नको, राहू द्या" म्हणून दोन पावलं चालायचं. तिसऱ्या पावलाला हाक येते. नाही आली तर भाव खरा होता, परत जाऊन घ्या, त्यात लाज कसली.

बोली इथं बदलत जाते ते कान देऊन ऐका. औरंगपुऱ्यात "काय करायलाय?" चालतं, सिटी चौकापर्यंत "क्या कर रा?" सुरू होतं, आणि शहागंजात "हौ" आणि "नक्को" ऐकू आलं की समजा तुम्ही दखनी उर्दूच्या मुलखात पोचलात. आमच्या मराठीतलं 'नको' त्यांनी घेतलं आणि त्यांचे निम्मे शब्द आम्ही घेतले, आता हिशोब कुणी मागत नाही.

नान-खलिया

आता ज्यासाठी माझी 2004 मध्ये फजिती झाली ते.

दुकानदार सांगतात की 1327 साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा एवढ्या मोठ्या फौजेला एकाच वेळी जेवू घालायला हे जेवण निघालं: एका मोठ्या देगीत मटण आणि भट्टीतून भराभर निघणारी नान. गोष्ट कितपत खरी ते सोडा, पण देगीचा आकार बघितला की ती पटते. शंभरांच्या हिशेबाचंच हे जेवण आहे. आजही लग्नात, दावतीत हेच लागतं, चार माणसांच्या कुटुंबात ते रांधायला कुणी बसत नाही.

पायरी पहिली: जायची वेळ. दुपारी जेवणाच्या वेळेला किंवा संध्याकाळी सात-साडेसातला. त्यानंतर देगीचा तळ दिसायला लागतो आणि तळाचा खलिया खारट होतो.

दुसरी: मांस कोणतं ते आधी विचारा. "बडे का है या छोटे का?" मोठ्याचं म्हणजे म्हशीवर्गातलं, छोट्याचं म्हणजे बकऱ्याचं. न विचारता खाऊन नंतर घरी जाऊन चर्चा करण्यात अर्थ नाही. विचारल्याचा कुणाला राग येत नाही, उलट लगेच खरं सांगतात. बऱ्याच दुकानांत एकच प्रकार असतो. चालत नसेल तर "शुक्रिया" म्हणून पुढच्या दुकानात जा.

तिसरी: भट्टी बघा. ओल्या कणकेची जाड पोळी थापून, वरून हळदीचा पिवळसर हात फिरवून, ती भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतात. माणूस कोपरापर्यंत हात आत घालतो. त्याच्या हातावरचे केस कधीच जळून गेलेले असतात. दोन-तीन मिनिटांत नान फुगते, वर तांबूस चट्टे येतात आणि तो लोखंडी आकड्यानं ती ओढून काढतो. ही नान हॉटेलातल्या बटर नानसारखी लोळणारी नसते. जाड, वरून घट्ट, आतून पावासारखी जाळीदार. तोंडात आधी किंचित गोडसर लागते.

चौथी: तर्री. खलियावर बोटभर लाल तेल तरंगत असतं, तिचा रंग बघून घाबरू नका. आमच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याइतकं ते तिखट नसतं. खडा मसाला जास्त, तिखट बेताचं. पहिल्यांदा खात असाल तर "तर्री कम" म्हणा. नानचा तुकडा मोडून रश्श्यात दाबायचा आणि तीन-चार सेकंद थांबायचं, जाळीत रस्सा शिरू द्यायचा. घाईत नुसता बुडवून खाल्लात तर नान वेगळी आणि रस्सा वेगळा लागतो. मटण चमच्यानं सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर देग लवकर उतरवलीय, पुढच्या वेळी दुसरं दुकान.

पाचवी: नान जादा घ्या, बांधून न्या. का ते शेवटी सांगतो.

शाकाहाऱ्यांनी इथं उपाशी राहू नये. गुलमंडी आणि निराला बाजार परिसरात चाट आणि राजस्थानी-गुजराती धाटणीची थाळी मिळते, पण ती कुठल्याही शहरात मिळते. मराठवाड्याचं खायचं असेल तर ज्वारीची भाकरी, ठेचा, येसराची आमटी, नाहीतर काळ्या मसाल्याची शेवभाजी मागा. 'घरगुती' पाटी असलेल्या ठिकाणी आधी भाकरी गरम मिळते का विचारा. थंड भाकरी देणाऱ्या घरगुतीचं घर कुठलं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. थंडीच्या तोंडावर दौलताबादच्या घाटातली सीताफळं शहरात येतात, त्या दिवसांत सीताफळ रबडी सोडू नका.

नाटक

माझ्या मते नव्या माणसानं सगळ्यात जास्त काही गमावलं असेल तर ते इथलं नाटक. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी ही मंडळी मुंबईच्या रंगभूमीवर गाजली, पण त्यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था सुरू झाली ती याच शहरात. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. दरवर्षी युवक महोत्सवात खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांची पोरं येऊन जी एकांकिका किंवा लोकनाट्य करून जातात, ते बघितल्यावर काही दिवस टीव्हीवरचा विनोद फिका लागतो.

मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं येतात ती प्रामुख्यानं दोन ठिकाणी: निराला बाजाराजवळचं तापडिया नाट्यमंदिर आणि उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर. निर्माते मराठवाड्याचा दौरा एकदम आखतात, संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर असा, त्यामुळं महिना महिना काही नसतं आणि मग एका आठवड्यात तीन नाटकं. स्थानिक वर्तमानपत्रातली छोटी चौकट रोज बघायची सवय लावा. तिकीट मोबाईलवरही मिळतं, पण खिडकीवर गेलात तर माणूस नकाशा पुढं करून सांगतो की कुठल्या रांगेत खांब किंवा पंखा आड येतो. हे मोबाईल सांगत नाही. बाल्कनीची पुढची रांग मिळाली तर मागच्या महागड्या खुर्चीपेक्षा ती बरी.

पण खरी मजा राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. साधारण हिवाळ्याच्या तोंडाला असते, तिकीट दोन कप चहाच्या पैशात. मधल्या रांगेत परीक्षक बसतात, पुढ्यात कागद आणि छोटा दिवा. पुढच्या दोन रांगांत कलाकारांचे नातेवाईक. बँकेत दिवसभर चेक तपासणारा माणूस रात्री दाढी लावून राजा होतो आणि तिसऱ्या अंकात त्याची दाढी एका बाजूनं सुटते. सगळ्या थिएटरला दिसतं, पण कुणी हसत नाही. तो पुढचं स्वगत दाढीला हात लावून म्हणतो, जणू दिग्दर्शकानंच तसं बसवलंय. मी हे डोळ्यानं पाहिलंय, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. प्रत्येक नाटक चांगलं असतंच असं नाही. पाचातली दोन कंटाळवाणी निघतात, एखादं मध्यंतरात सोडून यावंसं वाटतं. मध्यंतरातला बटाटेवडा खा आणि पुन्हा आत जाऊन बसा. दुसऱ्या अंकात सावरलेली नाटकं मी बरीच पाहिलीत.

तिसऱ्या घंटेनंतर आत शिरू नका. इथले जुने प्रेक्षक मागं वळून नुसतं बघतात, तेवढं पुरतं.

गाण्या-नाचाचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी. एमजीएम विद्यापीठाच्या आवारात महागामी हे कथक आणि ओडिसीचं गुरुकुल आहे आणि तिथं शारंगदेव समारोह होतो. शारंगदेव हा तेराव्या शतकातला. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात बसून त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. म्हणजे भारतीय संगीतशास्त्राचा पायाभूत ग्रंथ आपल्या शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिहिला गेला आणि आपण तो किल्ला फक्त चढायला जातो. समारोहाला उघड्यावर बसायचं असेल तर शाल न्या, बोचरी थंडी असते. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही साधारण याच दिवसांत असतो. नोंदणी आधी करावी लागते, सुरू झाल्यावर जाग आलेल्यांना रांगेत उभं राहावं लागतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव सोनेरी महालाच्या पुढ्यात भरतो, ज्या वर्षी भरतो त्या वर्षी.

मुशायऱ्याचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. अठराव्या शतकातला सिराज औरंगाबादी याच मातीतला, इथंच चिरनिद्रा घेतोय, आणि त्याच्या गजला आजही कव्वाल गातात. मुशायरा रात्री उशिरा सुरू होतो आणि नामांकित शायर शेवटी वाचतात, म्हणून बाराला उठून जाणारा माणूस तोटा करून घेतो. उर्दू फारशी कळत नसेल तरी हरकत नाही. शेजारच्या चाचांकडं बघा. ते "वाह" म्हणाले की ओळ चांगली होती, मांडीवर हात आपटला तर फारच चांगली. त्यांना अर्थ विचारलात तर ते पुढचे दोन शायर न ऐकता तुम्हाला समजावत बसतील.

त्यानंतरची रात्र

दारू पिणाऱ्यांसाठी क्रांती चौक, रेल्वे स्टेशन रस्ता, जालना रोड या बाजूला परमिट रूम आणि हॉटेलांतले बार आहेत, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. तरुण मंडळी कॅफेसाठी सिडकोत कॅनॉटला किंवा निराला बाजारात जमतात. जुन्या शहरात बार शोधत हिंडू नका.

जुन्या शहराची रात्र बघायची तर रमजानमध्ये. रोजा सुटल्यानंतर शहागंज, सिटी चौक, बुढीलेन या भागांत उशिरापर्यंत उजेड असतो: खजूर, शेवया, भजी, कबाब, अत्तर, टोप्या, बांगड्या. मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, अर्धा तास आधी जाऊ नका. त्या वेळी दुकानदारही घरी जायच्या घाईत असतो आणि रस्ताही. तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजानंतर जा, मग गर्दी निवांत असते. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा. देवीचं दर्शन, पाळणे, मौत का कुआँ, रेवड्या, आणि सगळ्या अंगावर धूळ. तिथं पांढरे कपडे घालून जाणारा ओळखावा की नवा आहे.

बाकी दिवशी रात्रीचा शेवट पानानं. उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरच्या हजारो रुपयांच्या पानाच्या गोष्टी तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी डोळे मिचकावत सांगेल. आपण साधं मघई नाहीतर कलकत्ता घ्यावं. रंगमंदिरही त्याच भागात, त्यामुळं नाटक सुटल्यावर निम्मे प्रेक्षक आणि कधीकधी दाढी काढलेला राजासुद्धा तिथं भेटतो. नाटकाबद्दलचं खरं मत लोक पानाच्या दुकानासमोरच देतात, थिएटरच्या दारात नाही.

चार व्यवहाराच्या गोष्टी

फोटो काढण्याआधी विचारा, भट्टीवाल्याला तर नक्कीच, आणि बायाबापड्यांचे काढूच नका. अजान चालू असताना भाव करणं दोन मिनिटं थांबवलं तर दुकानदाराला बरं वाटतं. वयस्क दुकानदाराला काका किंवा चाचा, बाईंना मावशी किंवा खाला. "भाऊ" सगळीकडं चालतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, स्कॅनर असतो पण जुन्या गल्ल्यांत रेंज कधी कधी रुसते. पाण्याची बाटली घरून आणा. या शहरात पाणी मागताना आधी समोरच्या घरात आज नळ आला होता का याचा विचार करायची सवय लागते, तुम्हालाही लागेल.

एकट्या बाईनं जायचं असेल तर शनिवार-रविवारी साडेसात-आठपर्यंत गुलमंडी, औरंगपुरा, मछली खडक या भागात खरेदीला आलेल्या बायांचीच गर्दी असते, अवघडल्यासारखं होत नाही. नाटकाहून उशिरा परतताना मात्र रिक्षा आधीच ठरवून ठेवावी. थिएटरबाहेर एकाच वेळी चारशे माणसं रिक्षा शोधत असतात आणि मग "स्पेशल"चा भाव सांगावा तेवढा थोडा.

आणि ती जादा घेतलेली नान. रात्री कागदातून काढून सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये नको, वातड होते. सकाळी तव्यावर तूप न घालता दोन्ही बाजूंनी शेकायची, वरची कड कडक होईपर्यंत. मग पातेलीभर चहा, आलं जरा जास्त, आणि नानचा तुकडा बशीत बुडवायचा. कालच्या देगीचा किंचित वास तिला लागलेला असतो, त्यानं चहा बिघडत नाही.